दोनशे चौदा नंबरचं रक्त

दोनशे चौदा नंबरापुढं तीन रकान्यांत तीन वेळा 'नाही' असं टाइप केलेलं होतं. मी ते वाचलं, मग टेबलावरची पट्टी त्या ओळीखाली धरली आणि पुन्हा वाचलं, कारण लांबलचक यादीत डोळा एक ओळ खाली घसरतो हे मला नोकरीनं शिकवलं आहे. डोळा घसरला नव्हता. गुंडाप्पा मल्लाप्पा, वय दहा, उचगाव. त्याच्या वर दोनशे तेरा, दोन 'आहे' आणि एक 'नाही'. खाली दोनशे पंधरा, तिन्ही 'आहे'. मुलांना होणाऱ्या या लकव्याचे तीन प्रकार असतात म्हणून तीन रकाने, एवढं मला ठाऊक होतं. बाहेर नगरपालिकेच्या आवारात शिपाई कुणाशी तरी हसत बोलत होता आणि नळावर भांडी आपटत होती. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. त्या तीन शब्दांचा अर्थ असा होता, की मुलांच्या पायातलं वारं काढून नेणारा तो ताप माझ्या भाच्याच्या अंगात कधी शिरलाच नव्हता. आणि सहा वर्षांपूर्वी तोच ताप त्यानं माझ्या घरात आणला असं म्हणून मी त्याला आणि त्याच्या आईला, माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला, घराबाहेर काढलं होतं.

मी मल्लिकार्जुन, कोल्हापूरच्या नगरपालिकेत देवी काढतो. म्हणजे मुलांच्या दंडावर देवीची लस टोचतो. लोक तोंडावर मला देवीडॉक्टर म्हणतात आणि पाठीमागं काय म्हणतात ते विचारायच्या भानगडीत मी पडत नाही. गल्लीच्या तोंडाशी माझी पेटी दिसली की आया पोरांना माळ्यावर चढवतात. बावीस वर्षं हे काम केलं. या कामानं मला एक प्रश्न विचारायची सवय लावली. घरात देवीचा रोगी सापडला की आम्ही उंबऱ्यात उभं राहून पहिलं विचारतो, मागच्या पंधरा दिवसांत घरात कोण आलं होतं? देवी हवेतून उगवत नाहीत. त्या कुणाच्या तरी अंगावरून येतात, आणि ज्याच्या अंगावरून येतात त्याच्या अंगावर दिसतात. माणूस शोधला की वाट सापडते. पाहुणा आला होता, तो अमक्या गावचा, त्या गावात तमक्याला फोड होते. अशी मागं मागं जात मी कितीदा तरी रोगाच्या मुळाशी पोचलो आहे. साहेबांनी माझी पाठ थोपटली आहे. तेव्हा हा प्रश्न माझ्या हाडात मुरलेला होता, आणि जो प्रश्न हाडात मुरतो तो माणूस आपल्या घरातही विचारतो.

संस्थान विलीन झालं त्या वर्षीची गोष्ट. पावसाळा संपत आला होता. नीलम्माचा, माझ्या त्या धाकट्या बहिणीचा, नवरा निपाणीला तंबाखूच्या वखारीत बोदांची, म्हणजे तंबाखूच्या गाठोड्यांची, थप्पी अंगावर कोसळून गेला, आणि महिना उलटायच्या आत ती चार वर्षांच्या गुंडूला घेऊन माझ्याकडं राहायला आली. भावाचं घर असताना तिनं दुसरीकडं जायचं कारणच नव्हतं. गुंडू आला तेव्हा त्याचं नाक वाहत होतं, अंग कढत होतं. दोन दिवस निजून राहिला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या गिरिजाबरोबर एका ताटात आंबील खायला बसला. गिरिजा, माझी लेक, तीन वर्षांची. ती त्याच्या मागं मागं करायची. तो जे म्हणेल ते ती अर्ध्या आवाजात म्हणायची. दहा-अकरा दिवसांनी गिरिजाला ताप भरला. मान ताठ झाली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून हिराबाईनं, माझ्या बायकोनं, तिला उभं करायला घेतलं आणि पोरीचा डावा पाय ओल्या कापडासारखा खाली लोंबला. त्या वेळचं हिराबाईचं तोंड मला आठवत नाही. मला तो पाय आठवतो, आणि त्या पायाकडं बघताना माझ्याच तोंडून निघालेला प्रश्न आठवतो. घरात कोण आलतं?

उत्तर समोरच बसलं होतं. गुंडू कोपऱ्यात चिंचोके मांडत होता. मी नीलम्माला म्हणालो ते एका दमात म्हणालो असं मला वाटतं, पण खरं तर मी एक पूर्ण दिवस गप्प होतो. आधी कचेरीत गेलो, रोगांच्या नोंदवहीत गिरिजाचं नाव माझ्याच अक्षरात चढवलं आणि 'संसर्ग कोठून' या रकान्यात लिहिलं, भाचा, वय चार, निपाणीकडून आलेला. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण वाटलं खरं. कारण सापडलं की दुःखाला बसायला जागा मिळते. मग घरी येऊन बोललो. नीलम्मा म्हणाली, "आण्णा, त्येला सर्दी हुती. पोरास्नी सर्दी हुतीया." मी म्हणालो, "मला शिकवू नगंस." तिनं गाठोडं बांधलं. उचगावात तिच्या दिराच्या नात्यातलं कुणी होतं, त्यानं तिला एक खोली दिली. तिथं ती तेलाच्या घाण्यावर शेंगा फोडायला जायला लागली. दर नागपंचमीला हिराबाई तंबिटाचे लाडू करून कुणाच्या तरी हाती डबा उचगावला धाडायची, आणि डबा जसा जायचा तसा परत यायचा, लाडवांसकट. ते लाडू मग आम्हीच खायचो.

सहा वर्षं अशी गेली. गिरिजाला मिरजेच्या दवाखान्यातून लोखंडी पट्ट्यांचा बूट मिळाला. तो घालून ती शाळेत जायला लागली. आणि गेल्या दिवाळीनंतर पुण्याच्या प्रयोगशाळेतून टेंबेबाई आल्या. डॉक्टर विमला टेंबे. पांढरं लुगडं, पायात पुरुषी बूट, बोलणं हळू आणि पक्कं. त्यांना कोल्हापूर शहर आणि भोवतीच्या चार गावांतल्या मुलांचं रक्त पाहिजे होतं. आजारी मुलांचं नव्हे, चांगल्या हिंडत्याफिरत्या मुलांचं. आरोग्याधिकाऱ्यांनी मला त्यांच्या हाताखाली दिलं, कारण शहरातलं प्रत्येक दार मला आणि प्रत्येक दाराला मी ठाऊक. मी बाईंना विचारलं, चांगल्या पोरांच्या रक्तात काय सापडणार? त्या म्हणाल्या, "एखादा रोग अंगात शिरला आणि शरीरानं त्याला परतवलं, की त्या झगड्याची खूण रक्तात राहते. आम्ही तिला अँटिबॉडी म्हणतो. माणसाला ताप आल्याचं आठवत नसेल, रक्ताला आठवतं." मी विचारलं, किती दिवस? "वर्षानुवर्षं. बहुतेक जन्मभर." मी हातातलं काम करत राहिलो. पण त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मला चांगलं ठाऊक आहे. आलं ते असं, की म्हणजे गुंडूच्या रक्तात अजून असेल.

खोटं कशाला बोलू, मला पुरावा पाहिजे होता. सहा वर्षं हिराबाई एका शब्दानं मला काही म्हणाली नव्हती आणि तिचं ते न म्हणणं मी रोज जेवणाबरोबर गिळत होतो. माझं बरोबर होतं असं कागदावर कुणीतरी लिहून दिलं असतं तर मी तो कागद तिच्यापुढं ठेवला असता आणि झोपलो असतो. बाईंची घरं निवडायची रीत साधी होती. शिरगणतीच्या वेळी घराघरांवर डांबरानं नंबर घातले होते. त्यातला एक नंबर चिठ्ठी टाकून काढायचा आणि तिथून दर विसावं घर घ्यायचं. आपल्या पसंतीला वाव ठेवायचा नाही, हे त्यांनी मला दहा वेळा बजावलं होतं. उचगावात सात नंबर निघाला. सात, सत्तावीस, सत्तेचाळीस, असं करत यादी एकशे सातवर आली. एकशे सात म्हणजे कृष्णात म्हणून एका गवंड्याचं घर. नीलम्माची खोली एकशे आठ. सातचा आठ करायला काही लागत नाही. मी एकशे आठ लिहिलं आणि पुढं पुन्हा सरळ एकशे सत्तावीसवर गेलो.

रक्त चावडीत घेतलं. मी खिडकीशी वही घेऊन बसलो होतो. कंपाउंडर दंडाला रबराची नळी आवळत होता, बाई सुई घालत होत्या, आणि काचेच्या नळीत काळसर लाल रक्त चढत होतं. स्पिरिटचा वास माझ्या रोजच्या ओळखीचा, पण त्या दिवशी तो डोक्यात चढला. नीलम्मा गुंडूला घेऊन रांगेत आली तेव्हा मी मान वर केली नाही. तिच्या पायांकडं बघत मी विचारलं, "नाव?" तिनं गुंडूला पुढं घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोकळ्या आवाजात म्हणाली, "लिवा की पावणं. गुंडाप्पा मल्लाप्पा. वय धा." मी लिहिलं. दोनशे चौदा. गुंडू सुई शिरताना रडला नाही, नळीत चढणाऱ्या आपल्या रक्ताकडं तो नवलानं बघत होता. ती नळी थोडा वेळ उभी ठेवली, रक्त थिजून वर पिवळसर पाणी आलं. ते पाणी बाटलीत काढून बर्फाच्या पेटीत घालून बाई आगगाडीनं पुण्याला गेल्या. पेटीवर बर्फ भरायला मीच हात लावला. माझा विजय पेटीत घालून पाठवतो आहे असं मला वाटत होतं.

आता तो यादी होऊन बाईंबरोबर परत आला होता. पलीकडच्या खोलीत बाई आरोग्याधिकाऱ्यांना काही समजावत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मलाही बोलावलं, मी सगळी घरं हिंडलो होतो म्हणून मला सांगायला पाहिजे असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी टेबलावर चौकटीचा कागद पसरला. खाली मुलांची वयं, बाजूला शेकडा आकडे, आणि डावीकडून उजवीकडं चढत जाणारी एक शाईची रेघ. "मल्लिकार्जुनराव, तुमच्या नोंदवहीत सहा वर्षांत या रोगाची सतरा मुलं आहेत," त्या म्हणाल्या. "सतरा म्हणजे शहरात रोग जवळजवळ नाहीच. आणि हे बघा. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत दहातली नऊ मुलं त्यातून गेलेली आहेत. त्यांच्या आईबापांना पत्ता नाही. कुणाला दोन दिवस कसर, कुणाला जुलाब, पुष्कळांना काहीच नाही. शेकड्यात एखाद्याचा पाय जातो, तेवढाच तुम्हाला दिसतो." मी त्या रेघेकडं बघत राहिलो. मी विचारलं, मग ज्याचा पाय गेला त्याला तो रोग कुणी दिला, हे कसं काढायचं? त्या म्हणाल्या, "काढता येत नाही. रक्त कधी ते सांगत नाही आणि कुणाकडून तेही सांगत नाही. गल्लीतलं कुठलंही हसतंखेळतं मूल असेल. घरातलं मोठं भावंड असेल. मोठं माणूससुद्धा हातावरून नेऊ शकतं."

तेव्हा मला कळलं की माझा प्रश्नच चुकीचा होता. देवीच्या रोगाला जो प्रश्न विचारायचा तो मी या रोगाला विचारला. तिथं ज्याला लागण झाली त्याच्या अंगावर दिसतं. इथं शंभरांना होते आणि एकाला दिसते, आणि मी त्या एकापासून मागं एकच पाऊल टाकून थांबलो, कारण पुढ्यात शिंकणारं पोर बसलेलं होतं. गिरिजाचा थोरला भाऊ शिवाप्पा तेव्हा सात वर्षांचा होता. आमचं घर चिठ्ठीतच निघालं होतं, त्याचंही रक्त गेलं होतं, एकशे एकोणतीस, तिन्ही 'आहे'. गिरिजाच्या आधी की नंतर, कोण सांगणार. आणि मी स्वतः? त्या दिवसांत मी रोज तीस-चाळीस घरं हिंडत होतो, ज्या घरी पाणी देतील त्या घरचं पाणी पीत होतो, आणि संध्याकाळी पायसुद्धा न धुता गिरिजाला उचलून घेत होतो. माझं रक्त कुणी मागितलं नव्हतं.

मी बाईंना दोनशे चौदाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "दहाव्या वर्षी तिन्ही नाही, हे विरळा. म्हणून मी ते दोनदा तपासलं. त्या मुलाला कधीच लागण झालेली नाही. आणि म्हणून त्याला अजूनही होऊ शकते. मोठेपणी झाली तर जास्त वाईट." मग मी सांगितलं. सातचा आठ केल्याचं सांगितलं. का केला ते नाही सांगितलं, फक्त माझा भाचा आहे म्हणालो. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मग तो मोजता येणार नाही. पसंतीनं घेतलेलं एक नाव सगळी यादी नासवतं." त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि दोनशे चौदाच्या ओळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली. पट्टी न लावता, सरळ. मी गुंडूला दुसऱ्यांदा बाहेर काढलं होतं. त्या ओळीची नक्कल तेवढी मला पाहिजे असं मी म्हणालो, आणि बाईंनी कारण न विचारता एका चिटोऱ्यावर ती लिहून दिली, सही करून.

त्या दुपारी मी पेटी न घेता घरी निघालो. रस्ता रोजचाच, पण मला पोरंच पोरं दिसत होती. कोटीतीर्थाच्या काठावर उड्या मारणारी, शाळेच्या ओट्यावर शेंगदाणे वाटून खाणारी, गंगावेशीत म्हशीची धार काढणाऱ्याच्या समोर पेला धरून उभी असलेली. दहातली नऊ. प्रत्येकाच्या आत एक झगडा होऊन गेला होता आणि कुणाला ठाऊक नव्हता. एका हातातून दुसऱ्या हातात, पाण्यातून, धुळीतून, घासातून घास काढून देताना तो रोग या सबंध गावातून चालत गेला होता, आणि मी बावीस वर्षांचा अनुभवी माणूस रस्त्याच्या कडेला एका चार वर्षांच्या पोराचा हात पकडून चोर सापडला म्हणून ओरडत होतो. एक पोर माझ्या पायात येऊन आदळलं, वर बघितलं, आणि देवीडॉक्टर आहे हे ओळखून पळत सुटलं. मला त्याला सांगावंसं वाटलं की आज पेटी नाही. काय सांगणार.

हिराबाई परसात राख चाळत होती. मी तिला सगळं सांगितलं. चिटोरा दाखवला. तिला वाचता येत नाही, तरी तिनं तो हातात घेऊन बघितला आणि परत दिला. "मंग मला काय सांगताय," ती म्हणाली. "तिला जाऊन सांगा."

"उद्या जातो."

"जावा. पर त्यो कागुद घिऊन जाऊ नगासा."

"का?"

"का म्हंजे काय. भाऊ म्हणून जावा. कोर्टात चाललाय व्हय?"

ती पुन्हा राख चाळायला लागली. तिचे डोळे भरले होते ते राखेनं की कशानं मी विचारलं नाही. मी तिचं ऐकायला हवं होतं. पण माणसाचा स्वभाव कुठं जातो. नुसतं 'माझं चुकलं' म्हणायला मी कधी शिकलोच नव्हतो. माझं चुकलं हेसुद्धा मला सहीशिक्क्यानिशी सिद्ध करून द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला, चिटोरा घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि उचगावची वाट धरली.

रविवार होता. नीलम्मा दारातच पोतं अंथरून शेंगा फोडत बसली होती. घरी आणलेलं काम असावं. तिची बोटं टरफलांनी काळी पडली होती आणि ती न बघता फोडत होती. मला बघून तिनं हात थांबवला नाही. "काय पावणं, परत रगात पायजे?"

"न्हाय," मी म्हणालो. मी समोर उकिडवा बसलो. तिनं बस म्हटलं नव्हतं. खिशातून कागद काढून मी तो वाचून दाखवला, नंबरासकट, सहीसकट, आणि मग म्हणालो, "नीला, गुंडूला त्यो रोग कवाच झाला न्हवता. तवाबी न्हवता. गिरिजाला त्येच्यापास्नं न्हाय झालं."

"कोण म्हणतंय?"

"पुण्याची प्रयोगशाळा. रक्तावरनं कळतंय."

"मी सांगितलं हुतं की तवा. सर्दी हुती म्हणून."

"व्हय. सांगितलं हुतंस."

"माजं खरं न्हवतं. रगताचं खरं." तिनं मूठभर दाणे सुपात टाकले. आवाज चढवला नाही, तिनं चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं आणखी एक मूठ शेंगा घेतल्या. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "आन् त्या कागदावर 'हाय' आलं असतं तर?"

मला उत्तर ठाऊक होतं. तरीही मी आलो असतो. याच वाटेनं, हाच सदरा घालून, घडी घातलेला कागद खिशात ठेवून आलो असतो, आणि आजच्यापेक्षा मोठ्यानं वाचून दाखवला असता. चावडीतल्या माणसांनाही ऐकू जाईल असा.

"हाय आलं असतं," ती म्हणाली, "तर चार वर्साच्या पोरानं काय केलं असतं, आण्णा? त्येनं जाणून दिलं असतं व्हय तिला?"

सहा वर्षांत तिनं मला पहिल्यांदा आण्णा म्हटलं आणि ते या वाक्यात म्हटलं. मी मान खाली घातली. "माझं चुकलं," मी म्हणालो. कागद हातात होता त्याचं काय करावं ते मला कळेना, म्हणून मी तो चुरगाळून मुठीत धरला. मला रडू येत होतं आणि या वयात दारात बसून रडायची लाज वाटत होती. नीलम्मा उठली, आतून तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढं ठेवलं आणि पुन्हा सुपाशी बसली. मी पाणी प्यालो. आता दुसरं सांगायचं होतं, आणि ते पहिल्याहून अवघड होतं.

"डॉक्टरीणबाई म्हणत्यात, ज्येच्या रक्तात खूण न्हाय त्येला आजून हू शकतंय."

तिचा हात थांबला. "गुंडूला?"

"हुईल असं न्हाय. हू शकतं. तिकडं अमेरिकेत लस निघालीया म्हणं, आपल्याकडं यायला येळ हाय. तोवर पाणी उकळून दे, ताप आला तर पळू दिऊ नगंस. दुसरं काय हातात न्हाय."

"कुठं असतंय ते? रोगाचं?"

"सगळीकडं. हितं बी हाय, गावात बी हाय."

"तुज्या घरात?"

"माज्या पोरांच्या रक्तात खूण हाय. समद्यांच्या. हुऊन गेल्यालं हाय ते. आता त्येंच्यापास्नं काय..." मी पुरं केलं नाही, कारण आता त्यांच्यापासून भीती नाही हे मी बाईंकडून ऐकलं होतं, मानलंही होतं, आणि तरी ते वाक्य माझ्या तोंडातून धडपणे निघेना.

नीलम्मानं सूप बाजूला सारलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, कारण तेच सहा वर्षांपूर्वी माझ्या मनात चाललं होतं. पोराचा पाय. तिनं पदरानं हात पुसले आणि हाक मारली. गुंडू मागच्या अंगणातून आला. उंच झाला आहे, बापावर गेला आहे, उभं राहायची लकब तीच. तिनं त्याचं तोंड ओल्या पदरानं पुसलं, सदऱ्याची गुंडी लावली, खांद्यावरची टरफलं झटकली. तिचं हे सगळं सावकाश चाललं होतं.

"मामासंगट जा," ती त्याला म्हणाली. "गिरिजाला बघून ये. मामीनं जेवाय घातलं तर जेव. सांजच्याला आणून सोडतील."

"नीला," मी म्हणालो, "अगं, मी आत्ताच तुला सांगितलं..."

"ऐकलं की. घिऊन जा."

गुंडूनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि आपला हात पुढं केला. मी तो धरला. बाईंचं 'हातावरून' आठवून धरायला मला वेळ लागला, आणि नीलम्मानं ते पाहिलं.